तीन मशीनं आणि एक हेडसेट

“हा गेला,” असं म्हणत त्याने हेडसेट टेबलावर ठेवला. इतका अलगद, की जणू खरंच कुणीतरी गेलंय.

तिने वर पाहिलं नाही. एका हातात सोल्डरिंग गन, दुसऱ्यात कुणाच्या तरी गेमिंग मशीनचा फुटका कंट्रोलर. अशा वेळी समोर राजा आला असता तरी तिने त्याला थांबवलंच असतं.

“कधी गेला?”

“काल. म्हणजे... पूर्ण नाही गेला. काळ्या मशीनवर ठणठणीत आहे. पांढऱ्यावर नेला की मान टाकतो.”

“आणि तिसऱ्या मशीनवर?”

“तिसरं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमच्या खिशातून अर्धं बाहेर आलंय.”

ते बघायला मान वर झाली होती, आणि तिथेच चुकलं. युनिफॉर्मच्या खिशातलं छोटं मशीन आत ढकलत तो हसत होता. नखांत काळं ग्रीस, खांद्यावर पट्ट्याचा वळ. समोरच्या आठ मजली इमारतीची लिफ्ट महिनाभर दुरुस्त होत होती, तिथला हा लिफ्ट-मेकॅनिक. बाहेर पाऊस वगैरे काही नव्हतं. रणरणतं ऊन होतं आणि दुकानाचा पंखा कुरकुरत होता. प्रेमात पडायला हवामान लागतं असं म्हणणाऱ्यांना दुसरं काम नसतं.

“काळं मशीन घरी,” तो सांगायला लागला. “पांढरं बहिणीकडे, भाच्यांबरोबर खेळायला. आणि हे छोटं जेवणाच्या सुट्टीत. तीन सासरं आणि एकच सून. तिने तरी कुणाकुणाचं करायचं?”

“सून बरी आहे. सासरच नाठाळ आहे.” तिने हेडसेटबरोबरचा पेराएवढा डोंगल चिमटीत धरून दाखवला. “हा बिनतारी बोलतो. काळं मशीन याची भाषा ओळखतं. पांढरं मुद्दाम ओळखत नाही. न ओळखण्यासारखं त्यात काही नाही, हं! कंपनीवाल्यांना वाटतं तुम्ही त्यांचा वेगळा हेडसेट घ्यावा. याला तंत्रज्ञान म्हणतात. माझ्या भाषेत याला अडवणूक म्हणतात.”

“मग?”

“मग तार.” तिने ड्रॉवरमधून एक साधी वायर काढली. “हे टोक हेडसेटमध्ये, हे कंट्रोलरच्या खालच्या भोकात. छोट्या मशीनलाही असंच भोक आहे. तार लावली की तिन्ही सासरं गपगुमान ऐकतात, माइकसकट.”

“एवढंच?”

“एवढंच. डोकं कमी लागलं म्हणून वाईट वाटतंय का?”

“नाही. परत यायला कारण उरलं नाही, म्हणून वाटतंय.”

पुढच्या काउंटरवरून वहिनी खोकली. दुकान दादाचं, गल्ला वहिनीचा, मागचं दुरुस्तीचं टेबल हिचं. आणि वहिनीचा तो खोकला कोणत्याही औषधाने बरा होणारा नव्हता.

कारण उरलं नव्हतं, तरी तो आला. चौथ्या दिवशी म्हणाला, पांढऱ्या मशीनवर आवाज येतो, पण गेममधल्या शत्रूची पावलं ऐकू येत नाहीत. “उजवीकडून कुणीतरी येतं आणि मी खलास. भाचे हसतात हो!” तिने दोन्ही बाजू तपासल्या. दोन्ही खणखणीत. “हेडसेटला काही झालेलं नाही. तुम्हीच खेळायला कच्चे आहात.” तर तो म्हणे, “मग शिकवा.”

मग शिकवणं सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसायचा. एकच स्टूल, नेहमी तिच्या उजव्या हाताला. तिने एकदा दुसरीकडे सरकवलं तर त्याने काही न बोलता उचलून परत जागेवर नेलं. लहरी आहे झालं, तिला वाटलं. एकदा पलीकडून तिने विचारलं, “कॉफी घेणार?” तर हा भिंतीकडे बघत हसत बसलेला. उत्तरच नाही. तिने कॉफी एकटीने प्यायली आणि दिवसभर त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

“आखडू आहे,” ती वहिनीला म्हणाली.

“असेल. पण बाईसाहेब, आखडू माणसासाठी कुणी दोन कप काढत नाही.”

पंधरवड्याने त्याने हेडसेट कानाची गादी बदलायला म्हणून ठेवला. तिने तो उलटा केला आणि हात थांबला.

डावी गादी घामाने कडक होऊन सोललेली. उजवी... कोरी. दुकानातून आज घरी नेल्यासारखी. उजव्या बाजूला कानशिलापाशी मात्र घासल्याची खूण. म्हणजे हा माणूस उजवा कप कानावर ठेवतच नाही, वर सरकवतो. वस्तू खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, म्हणून तिला वस्तू आवडायच्या.

भिंतीकडे बघत हसणं. स्टूल. उजवीकडून येणारी पावलं. तिने सगळं एका रांगेत लावलं आणि तिला स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. काळ्या मशीनच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायची सोय असते, ती त्याने गुपचूप चालू केलेली असणार. बहिणीकडच्या जुन्या पांढऱ्या मशीनला ती सोयच नाही. म्हणून तिथे अर्धा खेळ त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? विचारलं असतं. ही विचारणाऱ्यांतली नव्हतीच. मोडलेलं दिसलं की हात आधी, तोंड मागून. तिने एक वीतभर वायर घेतली, डाव्या-उजव्या तारा दोन बारीक रेझिस्टर घालून एकत्र केल्या, माइकच्या तारेला धक्का लागू दिला नाही. कुठल्याही मशीनला लावा, सगळा खेळ एका कानात. इतकं सुबक काम तिने वर्षभरात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. तो आला आणि तिला राहवलं नाही. काउंटरवरूनच तिने हेडसेट उंच धरला.

“झालं तुमचं काम! ही वायर मध्ये लावायची. उजव्या कानाचं सगळं आता डाव्यात येईल. कुठलंही मशीन असू दे.”

दोन गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. आधी हेडसेटकडे, मग त्याच्या उजव्या कानाकडे. आणि मग ते, ते अरेरे-वालं तोंड. लोकांना ते तोंड करायला काय आनंद होतो कोण जाणे. एका बाईने तर “इतक्या लहान वयात!” म्हणूनही घेतलं.

त्याचं हसू तिथेच गोठलं.

“मी गादी बदलायला दिला होता,” तो हळू म्हणाला.

“हो, पण मी बघितलं की तुम्हाला—”

“लहानपणी गालगुंड झालं होतं, तेव्हापासून त्या कानाने काही नाही. घरी तिकडून हाक मारताना सगळे ओरडतात. साइटवर सगळे हातवारे करतात. सगळीकडे मी एका कानाचा. हे एक टेबल होतं, जिथे मी पूर्ण होतो. आणि तुम्ही ते... दुरुस्त केलंत.”

तो गेला. हेडसेट तिच्या हातातच राहिला.

पहिले दोन दिवस ती त्याच्यावर चिडली. एवढं केलं, त्याचं काही नाही! तिसऱ्या दिवशी एक कंट्रोलर तिच्या हातून जळाला. स्टूल रिकामं, कॉफी एक कप. समोरच्या इमारतीतून हातोड्याचे आवाज येत राहिले.

“शनिवारी त्यांचं काम संपतंय,” वहिनी बिलं लावता लावता म्हणाली. “मग कुठली इमारत, कुठला मजला, देव जाणे.”

“मला काय सांगतेस?”

“तुला कुठे सांगतेय? पंख्याला सांगतेय.”

“वहिनी, मी चांगलंच करायला गेले होते ना गं?”

वहिनीने पहिल्यांदा बिलांतून डोकं वर काढलं. “लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आईने माझ्या सगळ्या ब्लाउजच्या बाह्या उसवून नीट शिवल्या होत्या. शिवण उत्तम होती. मी आठ दिवस रडले. बाह्या माझ्या होत्या.”

शनिवारी दुपारी ती निघाली. लिफ्ट अर्थातच बंद. आठ मजले. पाचव्यावर तिला गेमिंगचा, लिफ्टचा आणि पुरुषजातीचा सारखाच राग आला. आठव्यावरून मशीनच्या खोलीकडे जाणाऱ्या अरुंद जिन्यात तो डबा उघडून एकटाच बसलेला. तिला बघून त्याने झाकण लावलं.

तिला धाप लागली होती. तिने हेडसेट पुढे केला.

“गादी बदललीय. डावी. तुम्ही... तेवढंच सांगितलं होतं.” श्वास. “ती वायर यात नाही. काढली.”

“बरं.”

“बरं काय? आठ मजले चढून आलेय मी!”

“लिफ्ट बंद आहे. बोर्ड लावलाय.”

“दिसला बोर्ड!” मग तिचा आवाज उतरला. “मला विचारता येत नाही. लहानपणापासून नाही येत. दिसलं की मी उघडते. तुमचं मी चारचौघांत उघडलं... चुकलं माझं. कीव आली म्हणून नव्हतं केलं. भाचे तुम्हाला हसतात हे मला सहन होत नव्हतं.”

“कीव नव्हती?”

“कीव आली की मी आठ मजले चढत नाही. मी फोन करते.”

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्याने हेडसेट मांडीवर घेतला, नव्या गादीवरून बोट फिरवलं. खाली कुठेतरी दार आपटलं.

“ती वायर,” तो म्हणाला, “टाकून दिली?”

“टाकेन कशी? इतकं सुबक काम...” ती थांबली. खिशात गेलेला हात तिने तिथेच रोखला. आयुष्यात पहिल्यांदा. “तुम्हाला... हवी आहे का?”

“हवी आहे.”

वायर त्याच्या हातात गेली. तिची बोटं मात्र लगेच परत आली नाहीत, आणि त्यानेही सोडण्याची घाई केली नाही.

“मोठी शहाणी आहेस तू,” तो म्हणाला. ‘तुम्ही’ कुठल्या मजल्यावर राहिलं, दोघांनाही कळलं नाही.

“बसू का? पाय तुटलेत.” जिना अरुंद, पण त्याच्या दोन्ही बाजूंना जागा होती. ती बसायला वाकली आणि पुन्हा सरळ झाली. “कुठल्या बाजूला?”

“उजव्या.”

“पण तिकडून तुला ऐकू येत नाही.”

“म्हणूनच. तिकडून कोण येतंय ते मला कधीच कळत नाही. त्या बाजूला कायमचं कुणीतरी आपलं बसलेलं असलं, तर... बघ तुला जमतंय का. घाई नाही.”

बोलण्यात तिचा हातखंडा नव्हताच. ती उजव्या बाजूला बसली, खांद्याला खांदा लावून, ग्रीसचा डाग कुर्त्याला लागला तरी सरकली नाही. मग हळूच काहीतरी म्हणाली.

“काय?” त्याने विचारलं.

ती पुन्हा म्हणाली नाही. वाट बघत राहिली. तेव्हा त्याने पूर्ण मान वळवली, सगळा चेहरा तिच्याकडे केला, अगदी जवळून.

“हं,” ती म्हणाली, “आता सांगते. जमतंय.”