हाकेला ओ

"सात वर्षं जो आला नाही तो नेमका आज येणार? का, निरोप धाडलाय त्याला?"

"तू तुझं काम कर. तुला काय, एक बटण दाबलं की झालं."

"बटण नाही बाबा, अहवाल आहे, आणि माझी सही आहे त्याच्याखाली. आणि तिथं दोनच खण आहेत. 'आहे' किंवा 'नाही'. 'आमच्या बाबांना वाटतं की असेल' असा तिसरा खण कुणी केलेला नाही."

"मग करून घ्या म्हणावं! एवढी जगभर पसरलेली संस्था, एक खण जड होतोय होय?"

"आवाज खाली. बाहेर काका आहेत."

"काका काय परके आहेत? ऐकू दे त्यांनाही. लेक बापाला पुरायला निघालीय, सगळ्या जगाला ऐकू दे."

"मी पुरायला निघालेय? आई गेली त्या रात्री तुम्ही त्याच चिखलात कान लावून बसला होतात. फोन करकरून बोटं दुखली माझी. तेव्हा ओ दिली नाहीत. आणि आता एका पाखरानं तुम्हाला ओ द्यावी म्हणून..."

  बूट चढवायला बाबा पायरीवर जाऊन बसले. आत टेबलाशी लेक पाठमोरी उभी होती, सामानाशी काहीतरी खुडबुडत. भांडण मिटलं नाही, नुसतं उंबऱ्यावर थांबलं.

बाहेर उभे होते ते ड्रायव्हरकाका. संस्थेची जीप चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहेत, पण नवी पोरं पहिल्यांदा रात्रीच्या कामाला निघणार असली की जेवणं झाल्यावर त्यांना ओसरीवर बसवून ही गोष्ट सांगतात. भूत पाहिलं असं ते कधीच म्हणत नाहीत. "मी बांधावर गाडीत होतो," एवढंच म्हणतात. "आतलं जे सांगतो ते त्याच माणसानं परतीच्या वाटेवर मला सांगितलेलं. पदरचं मीठसुद्धा घालत नाही. आणि मध्येच मोबाईल वाजला कुणाचा, तर उठून जाईन."

तो माणूस म्हणजे कानसेन, लेकीशी भांडणारे ते बाबा. नुसतं ऐकून पोट भरतो म्हणून हे नाव पडलं, आणि असं चिकटलं की पगाराच्या पाकिटावरही एकदा तेच छापून आलं होतं. काम काय, तर लव्हाळीत राहणाऱ्या एका पक्ष्याचा तपास ठेवायचा. पक्षी मातकट, लाजाळू, दिसायला कुणी कौतुक करावं असा नाहीच. पण रात्री घुमायचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की निघतो तसा आवाज, पण छातीतून आलेला. म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणत.

घुम्या दिसत नाही, तर त्याला बोलवायचा. त्यासाठी एक डबा होता. त्यात घुम्याची जुनी हाक भरलेली. पाणथळीत फळ्यांची वाट, वाटेवर अंतराअंतरानं खुंट्या रोवलेल्या. खुंटीपाशी थांबायचं, डब्यातून तीन हाका द्यायच्या. मग पाच मिनिटं गप्प. बोलायचं नाही, खाकरायचं नाही. उत्तर नाही आलं तर पुढची खुंटी. आणि आलं, तर डबा तिथंच बंद. पाखराला उगाच छळायचं नाही, आल्या पावली मागं फिरायचं. दुसऱ्या रात्री मात्र त्याच जागी जाळं घेऊन जायचं. धरायचा, मोजायचा, पायात रिंग घालायची, सोडून द्यायचा.

"फसवणूकच आहे ही," कानसेन कधीकधी म्हणायचे. "बिचाऱ्याला वाटतं, आपलंच कुणीतरी आलंय. कोण बोलावतंय ते कळत असतं, तर एकानंही ओ दिली नसती."

पूर्वी त्यांनी बरेच धरले होते. बहुतेक सोडले. एकानं त्यांच्या हातातच मान टाकली. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त लेकीला, आणि तेही ती लहान असताना. हीच लेक पुढं शिकून त्याच संस्थेत लागली. बापानं आणलेली रेकॉर्डिंगं तपासायची. म्हणजे सात वर्षं बापानं ऐकलेली शांतता लेकीनं दुसऱ्यांदा ऐकली.

आता पाणथळीवर गोदामवाल्यांचा डोळा होता. भराव टाकायला ट्रक येऊन उभेसुद्धा राहिले होते. घुम्या असेल तर पाणी वाचणार, नसेल तर संस्था तिथून हात काढून घेणार. समुद्रापलीकडच्या ऑफिसात ही पाणथळ म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, आणि ठिपका पुसायला कुणाचा हात दुखत नाही. सोमवारी उत्तर जायचं होतं. ही गोष्ट शनिवारची, मार्चची एकोणतीस तारीख, अमावस्या. घुम्याला बोलवायची शेवटची रात्र.

गाडीत बसताना कानसेननी दार असं आपटलं की काका म्हणाले, "लेकीचा राग माझ्या दारावर नको. बिजागरी आपल्याच वयाची आहे."

"ती म्हणते, नाही."

"मशीन म्हणत असेल."

"मशीन म्हणजे तीच हो," कानसेन म्हणाले. 

बांधावर काकांनी गाडी लावली, दिवे मालवले. कानसेन डबा घेऊन फळ्यांवरून निघाले. गळ्यात रेकॉर्डर, त्याचा बारीक लाल दिवा. तो लाल ठिपका लव्हाळीत शिरला आणि दिसेनासा झाला.

वाटेच्या टोकाला, शेवटच्या खुंटीपाशी बसायला फळ्यांचा ओटा होता. सुरुवात तिथून करायची त्यांची पद्धत. ते बसले, रेकॉर्डर चालू केला. डब्याच्या दोन्ही कड्या उघडल्या. टक, टक. बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. मग डबा उलटा करून मागचं झाकण काढलं. बोट घातलं. चारही सेल गायब. नुसत्या स्प्रिंगा.

"कार्टी!" असं ते चक्क मोठ्यानं म्हणाले. तिची टेबलाशी चाललेली खुडबुड आता कळली. परत जावं, तिच्या हातातून सेल हिसकून आणावेत, असं मनात आलं. पण गुडघ्यांनी साथ दिली नाही, आणि खरं सांगायचं तर मनानंही नाही. सात वर्षं हाका देऊन झाल्या होत्या. आजच्या रात्री निदान निरोप घ्यावा. डबा शेजारी तसाच उघडा ठेवून ते नुसते बसून राहिले.

बेडूक ओरडत होते. रातकिडे किरकिरत होते. पाण्याला शेवाळाचा वास होता. ट्रकवाल्यांची बत्ती लांबवर दिसत होती, तीही विझली.

आणि हाक आली.

लांबून. बांधाच्या बाजूनं. घुमणारी, छातीतून आलेली... एक.



दोन.

तीन.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायलाही हात हलवला नाही, बाहीचा आवाज व्हायचा म्हणून. सात वर्षं! म्हणजे होता. या चिखलात, इथंच, कुणाला न जुमानता जगत होता. लेकीला काय काय ऐकवायचं, ते मनातल्या मनात जुळायलाही लागलं.

मग शांतता. ते थांबले. किती थांबले हे बघायला त्यांना घड्याळ लागत नव्हतं, पाच मिनिटं त्यांच्या हाडांत मुरलेली होती. ती सरली, आणि पुन्हा हाक आली. या वेळी जवळून. पहिली खुंटी सोडून पुढच्या खुंटीच्या अंगानं.

एक. दोन. तीन.

शांतता.

इथं खरं तर त्यांना कळायला हवं होतं. घुम्या असा हाका मोजून देत नाही. तो मनात येईल तसा घुमतो, कंटाळला की गप्प बसतो. आणि घुम्या खुंट्या धरून चालत नाही. पण फार आनंद झाला की माणसाचे कान आधी जातात, कानसेनचे तरी गेले.

तिसऱ्यांदा हाक आली ती शेजारच्या खुंटीपाशी. इतकी जवळ की फळी थरथरली.

एक.

दोन.

तीन.

शांतता... लांबच लांब शांतता.

कुणीतरी वाट बघतंय, हे त्यांना जाणवलं. तेही वाट बघण्यातच म्हातारे झालेले, त्यांना ते न कळून कसं चालेल? श्वास धरून, न खाकरता, कान टवकारून कुणीतरी लव्हाळीपलीकडं उभं होतं. ते ऐकत होतं. त्यांनाच ऐकत होतं.

कानसेननी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. आणि घुमले.

ओ दिली.

बेडूक थांबले. सगळे, एकदम.

रातकिडे थांबले.

हाक पुन्हा आली नाही. पाच मिनिटं झाली. आली नाही.

मग लव्हाळीतून आवाज आला...

टक.

टक.

कानसेननी शेजारी हात नेला. त्यांचा डबा होता तिथंच होता. उघडा. कड्या लोंबत होत्या.

वारा नव्हता. तरी लव्हाळीची एक ओळ वाकली. मग तिच्यापलीकडची. मग त्यापलीकडची. काहीतरी निघालं होतं. सावकाश. आल्या पावली. मागं.

परत येताना कानसेन फळ्यांवरून जवळजवळ धावत आले. चेहरा लहान पोरासारखा झालेला. "काका, आहे! आहे तो!" गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. ओंजळ, टक टक, वाकलेली लव्हाळी, सगळं. "निघून गेला, पण सरळ, धीरानं. घाबरून नाही," म्हणाले. "तुम्ही ऐकलंत ना?"

काका स्टिअरिंगकडं बघत राहिले. त्यांनी सगळी रात्र काच खाली करून काढली होती. पहिली खुंटी गाडीपासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी एकच घुमणं ऐकलं होतं, आणि ते माणसाच्या गळ्यातलं होतं.

"ऐकलं," एवढंच ते म्हणाले. 

खोलीवर लेक जागीच होती. कानसेननी रेकॉर्डर तिच्यापुढं आपटला आणि उंबऱ्यावर थांबलेलं भांडण आत आलं.

"लाव. ऐक. आणि मग खण भर."

तिनं लावलं. रेकॉर्डिंग स्वच्छ होतं. घुमण्याच्या तीन हाका, मग शांतता. तीन हाका, मग शांतता. काका दारात उभे राहून ऐकत होते. जे त्यांच्या कानांवर आलं नव्हतं ते त्या एवढ्याशा यंत्रात भरलेलं होतं.

"हा डबा आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही डबा वाजवलात आणि तेच भरून आणलंत. अहो, स्वतःला फसवायचं ते फसवा, पण मला कशाला त्यात ओढता?"

"डबा? कशानं वाजवला? सेल कुणी काढले? बोल ना! दाखव खिसा!"

तिनं खिशात हात घातला. "डब्याचाच आवाज भरून आणाल म्हणून काढले. वाटलं, दुसरे घातलेत," म्हणत चार सेल टेबलावर ठेवले. एक घरंगळत कडेला गेला, तो कुणी धरला नाही.

तिनं पुन्हा लावलं. या वेळी डोळे मिटून. बाप बोलतच होता. ट्रक परत जातील. पाणी राहील. सोमवारी मुख्य ऑफिसातले ते टायवाले पडद्यावर येऊन टाळ्या वाजवतील. तुझ्या आईला मी सांगायचो ना, येईल म्हणून... लेक ऐकत होती. शेवटची ओ आली, बापाची. मग ती शांतता. मग टक. टक. तिनं डोळे उघडले.

पुढचं काका आधीच सांगून टाकतात, कारण गोष्टीच्या शेवटी कुणाचं लक्ष नसतं. सोमवारी उत्तर गेलं. 'नाही' असंच गेलं, आणि लेकीनं सही करताना शेजारी कानसेन बसले होते. त्यांनीच म्हटलं, कर. भराव सुरू झाला त्या दिवशी ट्रकवाल्यांना पाणी नेऊन द्यायला ते स्वतः गेले. "भरा," म्हणाले, "लवकर भरा. कडेचंसुद्धा ठेवू नका." ज्या पाण्यासाठी बायकोच्या शेवटच्या घटकेला घरी नव्हते, ते पाणी मातीखाली जाताना हा माणूस उभा राहून बघत होता. आता तिथं गोदामं आहेत, रात्रभर दिवे असतात. कानसेन लेकीकडं राहतात. अंधार पडला की बोलत नाहीत. दारावर कुणी हाक मारली, अगदी नातवानं मारली, तरी ओ देत नाहीत. लेक जाऊन दार उघडते. संस्थेनं त्या जुन्या रेकॉर्डिंगांची मागणी केली तेव्हा तिनं सगळी पाठवली, ते एक सोडून. ते तिच्या कपाटात आहे. ऐकायचं असेल तर ऐकवेल, पण कुणी मागत नाही.

हे झालं पुढचं. त्या रात्री मात्र बाप अजून भांडतच होता. "लिही 'आहे' म्हणून! आता कसली वाट बघतेस? उत्तर दिलंय त्यानं मला!"

"त्यानं तुम्हाला नाही, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की काकांना एक पाऊल आत यावं लागलं. "हाक त्याची होती, उत्तर तुम्ही दिलंत... आणि उत्तर आलं की आपण दुसऱ्या रात्री जाळं घेऊन जातो."