टोक ज्या दिशेला

आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, नुसती चौकट आहे. ती बाबांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी बसवली आणि दार सवडीने करू म्हणाले. ते दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात सुतार होते. दिवसभर दुसऱ्यांची घरं बंद करायची आणि संध्याकाळी आपल्या उघड्या घरात येऊन बसायचं, असा त्यांचा संसार, हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायची. सवड काही मिळाली नाही. मी सात वर्षांची असताना बाबा कारखान्यातच, कामाच्या बाकाशी उभे असताना, गेले. हृदय थांबलं. वय अडतीस.

मला त्यांचं जे आठवतं ते बहुतेक अंगाशी लागलेलं आहे. घरी आल्यावर ते आधी जिन्यात उभे राहून भुवया झटकायचे, कारण भुसा तिथे अडकायचा आणि मला उचललं की माझ्या डोळ्यांत जायचा. रंध्याखालून निघालेल्या लाकडाच्या कुरळ्या सालींतली त्यातल्या त्यात लांब साल ते खिशातून आणायचे आणि माझ्या कानावर अडकवायचे. जेवायच्या सुट्टीत कारखान्यातून धावत शाळेच्या फाटकाशी यायचे, दोन मिनिटं बघायचे आणि परत धावत जायचे. त्यांचा जेवणाचा डबा मग बाकाशी उभ्याउभ्या संपायचा. आई रागवायची. "तिला रोज काय बघायचं? पळून चालली आहे का?"

"वाढते आहे," बाबा म्हणायचे. "पळण्याचाच प्रकार तो."

मला ते 'वीतभर' म्हणायचे.

शाळा सुरू होण्याच्या दिवशी, दर वर्षी, ते मला बूट न घालता चौकटीला पाठ लावून उभं करायचे. गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी लोखंडी पट्टी, माझ्या भांगावर आडवा टेकवायचे. लोखंड गार असायचं.

"गार लागलं?"

"हो."

"म्हणजे नीट टेकलं. आता श्वास घे, पण उंच होऊ नकोस. लबाडी नको."

मग कानामागची जाड, चपटी पेन्सिल काढून ते खूण करायचे. रेघ नाही. रेघेला जाडी असते, टोकाला नसते, असं त्यांचं म्हणणं. दोन तिरप्या रेघा टोकाशी जोडून एक इवलंसं छप्पर काढायचे. छपराचं टोक म्हणजे माप. कारखान्यातही ते अशाच खुणा करत. पुढचं काम त्या मापाच्या वर असेल तर टोक वर, खाली असेल तर छप्पर उलटं, टोक खाली. माझी सगळी छपरं सुलटी होती.

"रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही," ते एकदा म्हणाले होते. "म्हणून खूण लागते."

ते गेल्यावर त्यांची अवजारं आईने त्यांच्या बाकाशेजारच्या सोबत्याला देऊन टाकली. गुण्याही गेला. त्या वर्षी शाळा सुरू झाली तेव्हा मला कोणी मोजलं नाही. आई कापडाच्या दुकानात नवीनच कामाला लागली होती आणि तिला सकाळी लवकर निघावं लागे. मी केस ओले असतानाच दप्तर घेतलं आणि चौकटीतून बाहेर पडताना क्षणभर तिथे थांबले. भांगात गार वाटलं. ओल्या केसांना वाटणारच.

संध्याकाळी लाकडावर नवं छप्पर होतं.

मी काही विचारलं नाही. आई रडत नव्हती त्या काळात, आणि ती रडू नये एवढंच मला कळत होतं. ती दुकानात गिऱ्हाईक दारातून आत येताच किती कापड लागेल ते सांगायची, तिला मला उभं करून मोजायची गरजच नव्हती. नजरेने मोजून तिने बाबांसारखी खूण केली, हे मी धरून चालले. पुढच्या वर्षीही खूण झाली, त्याच्या पुढच्याही. मी सोळा वर्षांची होऊन वाढायची थांबले, तिथे खुणा थांबल्या.

यातलं काहीच मला विचित्र वाटलं नव्हतं. मी वर्तमानपत्रात काम करते. रोज संध्याकाळी पानं लावायची, आणि जे दोन माणसांकडून पडताळलं नाही ते छापायचं नाही, असं तिथे शिकले. घरातली ही गोष्ट मात्र मी एकाही माणसाकडून पडताळली नव्हती.

आता मी अडतीसची आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या हृदयाचं चित्र पडद्यावर दाखवलं आणि बाबांबद्दल विचारलं. जे त्यांना होतं आणि कोणाला माहीत नव्हतं, तेच मला आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल. त्या म्हणाल्या, "चांगली शक्यता आहे," आणि 'चांगली' म्हणताना पडद्याकडे बघत राहिल्या. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिचे वडील दूर असतात आणि त्यांचं दुसरं घर आहे. मला काही झालं तर तिला माझी आई आहे, म्हणजे तिची आजी. आजी एकाहत्तर वर्षांची आहे.

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी मी मुलीला घेऊन आईकडे आले. दुपार होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन चौकटीवर तिरपं पडलं होतं आणि लाकडातली रेघ अन् रेघ दिसत होती. आईने चौकटीला कधी रंग लावू दिला नाही. वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवते, तोही खुणांच्या कडेकडेने. ती भाजी चिरत होती. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिने स्टूल ओढलं, तेव्हा मी म्हटलं, "पूर्वी हात पोचायचा ना तुझा?"

"जमीन जवळ बोलावते आहे," आई म्हणाली. "मी म्हटलं, येते, पण हळूहळू येते."

मुलगी चौकटीशी उकिडवी बसून खालच्या छपरांवर बोट फिरवत होती. "आजी, हे आजोबांनी केलं?"

"हो गं भिंगरी. तुझ्या आईची उंची आहे ती."

"सगळी त्यांनी केली?"

"खालची चार त्यांनी. वरची तुझ्या आईने स्वतःची स्वतः."

मी हातातला पेला खाली ठेवला. "मी?"

"मग काय. वडिलांची लेक ना तू. दर वर्षी गुपचूप करायचीस. मी कधी बोलले नाही, म्हटलं, तुझं तुझं राहू दे."

"आई, मी नाही केल्या. तू केल्यास."

आईची सुरी थांबली. "मी कशाला करेन? मला बघवत नव्हतं त्या लाकडाकडे. वर्षभर मी मान फिरवून आतबाहेर करत होते."

"मग पेन्सिल कोणाकडे होती?" मी विचारलं. प्रश्न विचारताना माझा आवाज कचेरीतला झाला होता. "त्यांना घरी आणलं तेव्हा कानामागे पेन्सिल नव्हती. तू काढून ठेवलीस ना?"

"मला वाटलं तू घेतलीस. उशीखाली ठेवली असशील."

तीस वर्षं दोघींनी एकमेकींचं मन राखलं होतं.

मी उठून चौकटीजवळ गेले. खालच्या चार खुणा आणि वरच्या खुणा यांत फरक शोधला. रेघांचा कल तोच. डावी रेघ उजवीपेक्षा जराशी लांब, तीही सगळीकडे तशीच. पेन्सिल चपटी असल्याने रेघेची सुरुवात रुंद आणि टोकाकडे बारीक. मी तसं काढू शकले नसते. आठ वर्षांची असताना तर नाहीच.

"आणि मग ही?" आई म्हणाली. ती माझ्या मागे येऊन उभी होती. चौकटीच्या दुसऱ्या उभ्या लाकडावर बाबांनी लग्नानंतर चेष्टेने घेतलेली तिची उंची होती, 'अजून वाढेल' म्हणून टोक वर केलेली. आईचं बोट त्याच्या दोन बोटं खाली होतं. तिथे दुसरं छप्पर होतं. उलटं. टोक खाली.

"ही गेल्या वर्षी दिसली," ती म्हणाली. "मी आखूड झाले म्हणून तू माझी चेष्टा केलीस, असं वाटलं मला. हसले होते मी."

ती लाकडाला पाठ लावून उभी राहिली, बूट काढायला सांगितल्यासारखी आज्ञाधारक. टोक बरोबर तिच्या डोक्याशी आलं.

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आईची पण आहे तशी," मुलगी म्हणाली.

"कुठे?"

"ही काय. उलटी."

ती स्टुलावर चढली होती. तिचं बोट माझ्या बाजूच्या लाकडावर, माझ्या शेवटच्या खुणेच्या बरंच खाली होतं. इतकी वर्षं मी त्या लाकडाजवळून गेले आहे. ती तिथे असती तर मला दिसली असती. मी अंगठा फिरवला. अंगठ्याला पेन्सिलीचं शिसं लागलं.

उलटं छप्पर. टोक माझ्या भुवयांच्या पातळीला.

आईच्या दोन खुणांत दोन बोटांचं अंतर होतं. माझ्या दोन खुणांत हाताचा पंजा मावत होता.

"इतकी बुटकी कशी होईल आई?" मुलीने विचारलं.

आई म्हणाली, "खूप वर्षं लागतात त्याला." आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

मी मुलीला समोर स्टुलावर बसवलं आणि चपला काढल्या. लाकडाला पाठ लावली. मग गुडघे वाकवले, पाठ गोल केली, मान पुढे काढली, आणि डोकं त्या टोकाशी येईल इतकी खाली सरकत गेले. पोटऱ्या थरथरायला लागल्या.

मुलगी हसत सुटली. "आई, तू आजीपेक्षा म्हातारी दिसतेस."

"दिसू दे," मी म्हटलं.

"हलू नकोस," आई पुटपुटली. मला का मुलीला, ते मला कळलं नाही.

मी श्वास घेतला. उंच झाले नाही.

आईचे दोन्ही हात पदराला धरलेले होते. मुलीचे दोन्ही हात स्टुलाच्या कडेवर होते. चारही हात मला समोर दिसत होते.

माझ्या भांगावर लोखंड टेकलं. गार लागलं.