वेलायुधन माशांचा आवाज

ही गोष्ट मी रचलेली नाही. कुणाची शपथ घेणार नाही, पण अम्मिणी टीचर अजून आहेत, त्यांना विचारा.

ही रात्रीचीही गोष्ट नाही. केरळातल्या चेर्पूचं आमचं वाचनालय, ओणमचा आदला दिवस, भर दुपार. सगळं गाव बाजारात होतं. मी एकटाच संगणकांसमोर बसलो होतो.

आमचे संगणक लिनक्स नावाच्या मोफत प्रणालीवर चालतात. सॉफ्टवेअर कुठून आणायचं, ते पत्ते एका फाईलमध्ये लिहून ठेवावे लागतात. त्यातला शेवटचा पत्ता वेलायुधन माशांच्या घरातल्या जुन्या मशीनचा होता.

माश म्हणजे आमचे मास्तर. ज्यांना दिसत नाही त्यांना मलयाळम वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज माशांनी बनवला होता. स्वतःच्याच गळ्यातून. दर बातमीआधी बारीकसा खोकला यायचा. मी म्हटलं, "माश, तो काढून टाका की." तर म्हणाले, "राहू दे रे. माणूस वाचतोय असं वाटतं."

आजारी पडल्यावर त्यांचा फोन आला होता.

"प्रजोष, येऊन हे मशीन ताब्यात घे. माझ्यामागे कुणीतरी सांभाळायला हवं."

"रविवारी येतो, माश."

मी गेलो नाही. पुढच्या रविवारीही नाही. मग एकदम अंत्ययात्रेलाच गेलो. नंतर त्यांच्या बायकोने ते मशीन भंगारात दिलं. ते टेम्पोत चढवताना मी डोळ्यांनी पाहिलं आणि अडवलं नाही.

त्या दुपारी मी नवी लिनक्स चढवत होतो. माशांचा पत्ता लागत नव्हता, म्हणून मी त्या ओळीपुढे हॅशची खूण टाकली. अशी खूण टाकली की संगणक ती ओळ वाचत नाही.

शेवटी पडद्यावर प्रश्न आला. ज्यांचा आता कुठलाच पत्ता नाही, ती सॉफ्टवेअरं काढून टाकू का?

असले प्रश्न आम्ही कुणी वाचत नाही. मी 'हो' दाबलं.

ओळी सरकल्या... मलयाळम आवाज... काढला.

बाकीच्या संगणकांवरून तो मी सकाळीच असाच घालवला होता. आता तो कुठेच उरला नव्हता.

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली.

अम्मिणी टीचर. निवृत्त, दृष्टी गेलेली. रोज इथे बसून पेपर ऐकायच्या. माझ्या हातात केळ्याच्या वेफर्सची पुडी ठेवून त्या बसल्या आणि हेडफोन लावला.

सांगून टाकावं, असं फार वाटलं. मी पुडीची गाठ सोडत बसलो. आता म्हणतील, आवाज येत नाही...

टीचर हसल्या.

"आज माश अगदी खोलातून बोलतायत."

"टीचर... ऐकू येतंय?"

"म्हणजे काय? आंधळी आहे मी, बहिरी नाही!"

मी शेजारच्या संगणकावरून तपासलं. त्यांच्या मशीनवर आवाज नव्हता. मग अपडेट चालवून पाहिलं. एकेक पत्ता उत्तर देत गेला. आणि शेवटी...

मी बंद केलेली ओळ. माशांचं मशीन. त्यानेही उत्तर दिलं.

टीचरनी हेडफोन काढला.

"शेवटचं वाक्य तूच घातलंस ना रे? 'प्रजोषचा रविवार कधी येतो?' म्हातारीची थट्टा करतोस होय?"

"हो, टीचर. मीच."

एवढं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

त्या गेल्यावर हेडफोन कानाला लावला. शांतता. बराच वेळ काहीच नाही. मग अगदी जवळून...

बारीकसा खोकला.

टीचर बसतात त्या संगणकावरचं मी अजून काही पुसलेलं नाही. टीचर रोज येतात, पोटभर ऐकतात. आवाज मी घालवला हे त्यांना सांगायचं धाडस अजून होत नाही. माश मला बोलवत होते तेव्हा अर्ध्या तासाची वाट होती, हे आठवलं की जेवण जात नाही. रविवारी मी वाचनालयाकडे फिरकतही नाही.

काल निघताना टीचर म्हणाल्या, "आज माशांनी रविवारचं विचारलं नाही बघ."

मला जरा हायसं वाटलं.

"तुझं घर कुठं ते विचारत होते. मी सांगून टाकलं."

आज रविवार आहे. घरातला लॅपटॉप बंद आहे, मी स्वतः बंद केलाय.

आतल्या खोलीत कुणीतरी खोकतंय. घरात मी एकटाच आहे.