चौदावी स्लाइड

मला उशीर झाला होता. बीडच्या बसस्टँडबाहेर एप्रिलच्या उन्हात एकच रिक्षा उभी होती. मी लॅपटॉपची बॅग आत टाकली आणि त्याच क्षणी पलीकडून कुणीतरी आत येऊन बसलं.

"ही माझी रिक्षा आहे," मी म्हणाले.

"रिक्षा रिक्षावाल्याची आहे, मॅडम. आपण दोघं पाहुणे." तो हसला. "कुठं जायचंय?"

"पतसंस्थेच्या सभागृहात."

"मग भांडण मिटलं. मीही तिथंच निघालोय."

म्हणजे हाही डोळ्यांचाच डॉक्टर! जिल्ह्यातल्या नेत्रतज्ज्ञांची आमची संघटना दर दोन महिन्यांनी एका रविवारी तिथं व्याख्यान ठेवायची. शिकून बसलेल्या डॉक्टरांनी पुन्हा शिकायचं, असा बेत. मी कालिंदी घोळवे, वडवणीत दीड वर्षापूर्वी दवाखाना थाटलेली. त्या दिवशी पहिल्यांदाच बोलणार होते.

"घाबरलात?" मी पुन्हा पुन्हा बॅगेची चेन तपासतेय, हे त्यानं पाहिलं.

"घाबरले नाही. रागावलेय."

"एवढ्यात? आत्ता तर भेटलोय आपण..."

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आणि म्हणूनच बहुतेक, मी घडाघडा बोलून गेले. "साखराबाई म्हणून पेशंट आहेत माझ्या. ऊस तोडताना पातं डोळ्यात लागलं. बुरशी धरली. आणि गेवराईच्या कुणा शहाण्यानं नीट न तपासता स्टेरॉइडचे थेंब दिले. बुरशीला आयतं खत! महिन्याभरात बुबुळ पांढरं पडलं. त्याची चिठ्ठीच दाखवणार आहे मी आज सगळ्यांना."

त्याचं हसू मावळलं. तो बाहेर पाहू लागला. रस्त्यावर पाण्याच्या टँकरमागे घागरींची रांग लागली होती.

"कपाळावर मोठं गोंदण आहे... त्या साखराबाई?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

रिक्षा थांबली. माझंही भाडं देऊन तो जिना चढून गेला.

वर हजेरीच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढची शाई अजून ओली होती. डॉ. बद्रीनाथ औटे, गेवराई. खाली लांब शेपटीची सही. महिनाभर ती सही मी त्या चिठ्ठीवर पाहत होते! स्लाइडमध्ये नावावर मी काळी पट्टी ओढली होती. सही मात्र तशीच राहिली होती.

तो पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता. वर पाटी होती – 'अर्धाच ग्लास घ्यावा.' मी धावतच गेले.

"मी ती स्लाइड काढून टाकते."

"कावून?" गेवराईची बोली अचानक त्याच्या तोंडून निसटली.

"कारण... रिक्षात तुम्ही..."

"रिक्षात बरा वाटलो म्हणून?"

माझे कान तापले. तो मात्र हसत नव्हता. "त्यानं त्या बाईंचा डोळा परत येणार आहे का, मॅडम?"

तेवढ्यात अध्यक्ष मोहनराव सरांनी माझं नाव पुकारलं.

समोर पस्तीस डॉक्टर. जिल्ह्यात कुणाची सही कुठली, हे सगळ्यांना पाठ. मी बोलत होते, पण डोळे पुन्हा पुन्हा तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्याच्याकडे जात होते. अकरा... बारा... तेरा... माझं बोट थबकलं. मी बटण दोनदा दाबलं. पडद्यावर पंधरावी स्लाइड आली आणि मी श्वास सोडला.

"मॅडम, एक स्लाइड सुटली." तो उभा राहिला होता.

"ती... तितकी महत्त्वाची नाही."

"तीच महत्त्वाची आहे. मागं घ्या."

 मी एक स्लाइड मागे गेले. पडद्यावर ती चिठ्ठी, ती सही. कुणीतरी खाकरलं.

"ही चिठ्ठी माझी आहे," बद्रीनाथ म्हणाला. "शिबिर होतं, दीडशे पेशंट होते. पण ते कारण नाही. उसाचं पातं लागलंय असं बाई म्हणाल्या होत्या. मी ऐकलं, पण बुबुळावरचा नमुना खरवडून तपासला नाही. लाल डोळा दिसला, थेंब लिहिले. तुमच्यापैकी कुणी उद्या असं लिहायला लागला, तर ही स्लाइड आठवा." मग माझ्याकडे वळला. आवाज खाली आला. "डोळा... वाचेल?"

"बुरशी गेली आहे. बुबुळ बदलावं लागेल," मी कसंबसं म्हणाले.

चौथ्या दिवशी तो वडवणीला आला. साखराबाईंच्या दारात मीच मागे थांबले, जणू चूक माझीच होती.

"तुमीच व्हय ते डाक्टर?" त्यांनी चांगल्या डोळ्यानं त्याला न्याहाळलं. "मला वाटलं, आता त्वांड न्हाई दावायचा."

"चुकलो, मावशी."

"मंग हुभा कावून? बस. च्या घे."

त्यानंतर प्रत्येक रविवारी आम्ही बरोबर होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या वाड्यांवर जायचं, लाल डोळा अंगावर काढू नका म्हणून सांगायचं. सहकारी साखर कारखान्याच्या ऑफिसात मजुरांसाठी पात्यापासून डोळे वाचवणारे साधे चष्मे मागत तीन-तीन तास बसायचं. तो गमती करायचा, मी हसायचे... आणि हसता हसता गप्प व्हायचे. माझ्या मनात एक काटा होता.

तो मी नोव्हेंबरात काढला. औरंगाबादच्या हॉस्पिटलात साखराबाईंना नवं बुबुळ बसलं होतं, त्या सकाळी पट्टी निघायची होती. बाकावर आम्ही दोघंच.

"ती सही चुकून राहिली नव्हती," मी म्हणाले. "नाव झाकलं, सही मुद्दाम ठेवली. सगळ्यांनी ओळखावं म्हणून. मला कुणाला तरी लाजवायचं होतं, बद्री."

 मी बॅगेचा बंद मुठीत आवळून धरला.

"माहीत होतं," तो म्हणाला. "इतकी सरळ पट्टी ओढणारी बाई सही विसरेल का? राग आला होता. महिनाभर होता."

"आणि आता?"

आतून हाक आली. साखराबाईंचा चांगला डोळा झाकून डॉक्टरांनी पट्टी काढली. त्या मिचमिचत राहिल्या. बद्रीचा हात माझ्या हाताला लागला, आणि तिथंच राहिला.

"धुकं हाय लई," त्या म्हणाल्या.  "पर ह्यो मिशीवाला दिसतुया. अन् त्यानं डाक्टरीणबाईचा हात धरलाय, ते बी."

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. शहागडच्या पुलाखाली गोदावरीला खूप दिवसांनी पाणी होतं. मग गेवराई आलं. लोक उतरू लागले. तो हललाच नाही.

"तुमचं गाव," मी म्हणाले.

"दिसतंय."

"उतरायचं नाही?"

"तिकीट बीडचं काढलंय. तिथून वडवणी. तुमच्या आईंना भेटायचं म्हणतो..." तो अडखळला. "पण आधी तुम्हाला विचारायला पाहिजे. तुम्ही नको म्हणालात, तर इथंच उतरतो."

दाराशी कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता. "गेवराई! उतरणारं हाय का कुणी?"

बद्री माझ्याकडे पाहत होता.

"कुणी नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "जाऊ द्या!"