पिवळा अंगठा

पोळा होऊन आठवडा झाला नाही तोच निरीक्षक प्रेरणा राऊतला वरून फोन आला. आर्णीच्या इंदुताईंवर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा. आजच ताब्यात घ्या आणि फितूरही शोधा.

इंदुताईंच्या साप्ताहिकाने जंगलात होऊ घातलेल्या दारूगोळा कोठाराचा गोपनीय नकाशा छापला होता. कोठाराच्या जागेवर वसलेल्या गावांना कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. अंक नेहमीसारखाच, नुसत्या काळ्या शाईचा. नकाशाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळपट डाग.

"नकाशा कोणी दिला, ताई?"

"दाराखालून सरकवला कोणीतरी. मले नाव माहीत नाही."

"मूळ कागद कुठाय?"

"जाळला. देणाऱ्याचा जीव जाईन म्हणून कोणालेच दाखवला नाही."

"हा डाग कसला?"

"हळदीचा."

नकाशा जिथे ठेवलेला होता ती सरकारी कचेरी प्रेरणाने गाठली. तक्रार तिथल्या घनश्यामसाहेबांची. इंदुताईंनी त्यांचा चोरट्या रेतीचा धंदा चव्हाट्यावर आणल्यापासून ताई त्यांच्या डोळ्यात सलत होत्या. त्यांनी संशय घेतलेला शिपाई उकंडा दाराशी उभा होता. तुरुंगाच्या नावानेच त्याचं अवसान गळालं होतं.

"मूळ नकाशा तुम्ही पाहिला होता?" तिने घनश्यामांना विचारलं.

"छे! सीलबंद पाकीट आलं, तसंच कपाटात ठेवलं. किल्ली उकंडाकडे. मी पाहिला तो फक्त छापलेला अंक."

"मग संशय उकंडावरच का?"

"काहून म्हंजे?" घनश्याम उसळले. "तो पिवळा अंगठा पाहा ना! पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीले बैलाच्या खांद्याले हळद लावली, अन् तसाच आला कचेरीत!"

"साहेब, माही जोडी उन्हाळ्यातच गेली," उकंडा कळवळला. "यंदा मातीचे बैल पुजले जी."

प्रेरणाने अंक टेबलावर पसरला. तिला आता मनापासून संताप आला होता.

"अंकात डाग काळा आहे, साहेब. शाईचा असेल, तेलाचा असेल. तो पिवळा होता हे दोघांनाच ठाऊक. एक इंदुताई, दुसरा कागद सरकवणारा. ताईंनी छापावं आणि आत जावं, म्हणून पाकीट तुम्ही फोडलंत. बळी उकंडाचा जावा म्हणून हळदही तुम्हीच लावलीत. पण मातीच्या बैलाचा खांदा कोणी शेकत नाही. रोज तुम्हाला पाणी देणाऱ्याची जोडी गेली, पण तुम्ही कधी विचारपूसही केली नाही."

घनश्यामांनी रुमालाने कपाळ पुसलं. बेड्या पडेपर्यंत ते पुसतच राहिले. उकंडा भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडला.

जीप आर्णीत थांबली तेव्हा इंदुताई छापखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

"सापडला? मंग मी सुटली ना, बाई?"

प्रेरणाने जीपकडे बोट केलं. "दिला त्यांनी, ताई. पण छापला तुम्ही. कायद्याला तेवढं पुरतं."

इंदुताईंनी छापखान्याला कुलूप घातलं, आणि घनश्याम बसले होते त्याच जीपमध्ये चढल्या.