मागं पंकज होता

ज्याले हसायचं त्यानं हसावं. पण हे माझ्यासोबत घडलं. मागच्या डिसेंबरात, नागपूरजवळच्या झिलपी तलावामागच्या जंगलात.

मी दुर्गेश, जरीपटक्यात राहतो. पंकज माझा शाळेपासूनचा दोस्त. डोंगरातल्या सायकल रेसची तयारी करून राहिलो होतो आम्ही. जोडीची रेस, दिवसभर दगडधोंड्यातून. एक थांबला की दुसराही बाद. त्यापायी वर्षभर लग्नाच्या पंगती सोडल्या, सावजी मटण सोडलं.

जंगलात आमचा एक नियम. समोरच्यानं मागं वळून पाहायचं नाही, चाक घसरते. मागच्यानंच दर उतारानंतर आवाज द्यायचा, "आहो गा." म्हणजे मी मागं आहो, तू चाल.

पंकज नेहमी समोर. त्या दिवशी म्हणे, "आज तू राह समोर."

मले बरंच वाटलं.

उजाडायचं होतं. धुकं होतं. पहिला उतार उतरलो...

"आहो गा."

दुसरा उतार...

"आहो गा."

मग एक गोष्ट खटकली. पंकजच्या सायकलचं मागचं चाक उतारावर जोरात टिकटिकते. लांबून ऐकू येते.

आज टिकटिक नव्हती.

सागाच्या वाळल्या पानांवर चाकं वाजत होती... फक्त माझी.

"पंकज, ठीक आहे ना बे?"

"आहो गा."

चढ लागला. मी धापा टाकत होतो. त्याच्या आवाजात धाप नव्हती. अन् तो आता एकदम कानाजवळ होता...

ब्रेक दाबले अन् वळलो.

मागं कोणीच नव्हतं. मातीत एकाच सायकलचे ठसे होते.

फोन लावला. पंकजनं लगेच उचलला. फोनमध्ये रोडवरच्या चहाटपरीचं गाणं वाजत होतं. तो जंगलात शिरलाच नव्हता.

"कुठं आहेस बे?"

तो हळूच म्हणे, "वळून पाहिलं का तू?"

"हो."

त्यानं लांब श्वास सोडला.

"मग आता ते तुझ्यामागं लागलं. महिन्याभराआधी मी असाच वळलो होतो, तेव्हापासून माझ्यामागं होतं गा, तुझ्या आवाजात. मले झोप नव्हती. माफ कर भाऊ."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू आला असता का?"

मी तिथंच मातीत बसलो. भुताची भीती एका बाजूला. पण ज्याच्या डब्यात मी जेवलो, त्यानं मले बळीचा बकरा केलं. लय रडलो.

रेस झाली. पंकज आमच्या ग्रुपमधल्या साहिलसोबत धावला. फोटोत मस्त हसून राहिला.

मी सायकल विकली. हाक मात्र येते. जिन्यात, गल्लीत, नेहमी पाठीमागून. आई म्हणते, "काहून दचकून राहिला गा?" तिले काय सांगू?

मागच्या आठवड्यात लकडगंजच्या बाजारात, भर दुपारी, पंकजचाच आवाज आला...

"दुर्गेश, चुकलं माझं. एकदा वळ ना गा."

खांद्यावर हात पडला. गरम होता, माणसाचा वाटला.

पंकज असेल. नसेलही.

मी वळलो नाही.

अन् तो खरा पंकज असता ना, तरी वळलो नसतो.