अकरावं डोकं

भर समुद्रात, किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटर आत, तेलाची एक रिग वादळाने कलली होती. तिच्यावर अकरा माणसं अडकली होती आणि त्यांना आणायला तळावरचं सगळ्यांत लांब पल्ल्याचं हेलिकॉप्टर निघालं होतं. एरवी ते कामगारांची ने-आण करी. आज त्याच्या मागच्या दोन रांगा काढून तिथे इंधनाची जादा टाकी बसवली होती. तरीही रिगवर तरंगायला मिळणार होती फक्त पंचवीस मिनिटं!

दारापाशी कमरेला पट्टा बांधून ती बसली होती. दाराबाहेरच्या विंच यंत्राचा तारेचा दोर सोडणं आणि ओढणं तिच्या हाती. वैमानिकाला, म्हणजे कॅप्टनला, हेलिकॉप्टरच्या पोटाखालचं काही दिसत नाही. त्यामुळे खालचं सगळं त्याला तिच्याच तोंडून कळे. दोरावरून खाली उतरणारा गडी तिच्या शेजारी हातमोजे चढवत होता. सगळे त्याला पतंग म्हणत, कारण तो कायम दोराला लटकलेला.

"ताई," त्याने हातातली यादी तिच्याकडे सरकवली, "अकरावं नाव बघितलंस?"

"बघितलं."

"रिगचा प्रमुख. तोच."

"तोच," ती म्हणाली आणि दोराचा हूक पुन्हा एकदा तपासू लागली.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रिगवर वायुगळती झाली होती. तिचा थोरला भाऊ तिथे फिटर होता. झडप बंद करायला त्याला याच साहेबाने खाली पाठवलं. रिग सोडताना प्रत्येकाने आपला नंबराचा बिल्ला स्वतः हेलिकॉप्टरच्या दाराशी द्यायचा, असा नियम; तेव्हाही दाराशी तीच होती. त्या दिवशी साहेबाने घाईघाईने सगळ्यांचे बिल्ले एका पिशवीत भरून तिच्या हातात कोंबले आणि म्हणाला, "सगळे आले!" पिशवीत दहा बिल्ले होते. तिने बिल्ले मोजले, डोकी मोजली नाहीत. तीही ओरडली, "सगळे आले!" हेलिकॉप्टर उडालं. आत माणसं होती नऊ. दादा खालीच राहिला. थोड्याच वेळात रिग पेटली.

चौकशीत साहेबाने शपथेवर सांगितलं की फिटरने बिल्ला स्वतः दिला आणि मग आपली बॅग आणायला तो मागे फिरला. बिल्ले साहेबानेच दिले, हे तिचं कोणी ऐकलं नाही. बाकीच्यांनी नोकरीच्या भीतीने तोंड शिवून घेतलं. आईला मात्र शेजारीपाजारी तोंडावर म्हणत, "एका बॅगेपायी जीव घालवला हो पोराने!" त्या दिवसापासून म्हातारीने दारात बसणं सोडलं. आणि लेकीने दोन गोष्टी धरल्या. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर तळवा टेकवून मोजायचं. आणि तो माणूस खरं बोलेपर्यंत 'सगळे आले' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. देवापुढे दिवा लावताना ती रोज एकच मागे: तो माझ्या हाती लागू दे.

आज देवाने ऐकलं होतं.

"दिसली!" कॅप्टन ओरडला.

रिग एका अंगावर झुकली होती. उतरायचा तळ घसरगुंडीसारखा तिरका. लाटा खांबांवर चढून डेकवर फुटत होत्या. क्रेनचा तुटका हात वाऱ्याबरोबर भेलकांडत होता.

"उतरणं अशक्य! दोर टाका!" कॅप्टन म्हणाला. "बोल पोरी, मी आंधळा आहे."

"पुढे चार मीटर... तीन... दोन... थांबा! पतंग चालला!"

पहिली खेप, दोन माणसं. दुसरी, दोन. भिजून थिजलेली माणसं ती आत ओढत होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तळवा टेकत होता. पाच. सहा. चौथ्या खेपेला वाऱ्याच्या झोताने पतंग खांबावर आदळला. तरी तो थांबला नाही. पाचव्या खेपेत शेवटच्या दोघांसोबत तोही वर आला. एक खांदा लोंबत होता.

"खाली कोणी दिसत नाही, ताई. साहेब आधीच्या खेपेत आला असणार."

शेवटच्या माणसाचे दात वाजत होते, शब्द फुटत नव्हता. त्याने एक पिशवी तिच्या हातात दिली. बिल्ल्यांची पिशवी! तिने मोजले. अकरा.

आणि डोकी? दहा.

तिने खाली पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी नारिंगी जाकीट होतं. एक पाय पडलेल्या शिडीखाली अडकला होता. एक हात हलत होता. साहेबाने सवयीने सगळ्यांचे बिल्ले गोळा करून वर पाठवले होते. त्यात स्वतःचाही!

"सहा मिनिटं उरली," सहवैमानिकाने सांगितलं.

"सगळे आले का?" कॅप्टनने विचारलं.

बिल्ले अकरा. दोन शब्द बोलायचे होते, त्याचेच. ज्या पिशवीने दादाला गाडलं, तीच त्याला गाडणार होती आणि कोणाचं बोट तिच्याकडे वळणार नव्हतं. खालचा हात अजून हलत होता. दादाचाही असाच हलला असेल. हल म्हणावं, हलत राहा!

"पोरी, सगळे आले का?"

तिच्या जिभेवर शब्द आले. आणि तिथेच कडवट झाले. आता मेला तर सुटेल हा. लोक फुलं वाहतील. खरं तोंडातच घेऊन बुडेल आणि आई घरातच कोंडलेली राहील.

"दहा डोकी," ती म्हणाली. "एक खाली आहे. जिन्याशी, शिडीखाली."

पतंगने तिच्याकडे एकवार पाहिलं. "एक खांदा गेलाय, ताई. दुसरा काय पूजेला ठेवायचाय?" आणि त्याने उडी टाकली.

पहार घालून त्याने शिडी उचकटली. पट्टा साहेबाच्या काखेखालून घातला. अंगठा वर! तिने दोर ओढला. आणि गचकन दोर थांबला. कठड्याच्या तुटक्या नळीत अडकला होता! हेलिकॉप्टर एका अंगाने खेचलं गेलं. आत किंकाळी उठली.

"दोर अडकलाय! काप!" कॅप्टन ओरडला. नियमच होता तो. लाल झाकणाखालचं बटण तिच्या अंगठ्याशीच होतं. दाबलं की दोर तुटणार, दोघंही समुद्रात.

"नाही कापणार! मी सांगते तसं करा! मागे एक... डावीकडे एक... खाली अर्धा... अजून अर्धा..."

दोर सैल पडला. नळीतून निसटला!

"सुटला! वर घ्या!"

"इंधनाची वेळ संपली!" सहवैमानिक म्हणाला, पण दोघं दारातून आत आले होते आणि हेलिकॉप्टर आधीच वळलं होतं.

साहेब दाराशी आडवा पडून धापा टाकत होता. तिला ओळखताच त्याने नजर चुकवली. तिने त्याला उठवून बसवलं, पाय बांधला, पांघरूण दिलं, पाणी पाजलं. मग त्याच्या कानांवर हेडसेट चढवला.

"इथलं प्रत्येक वाक्य नोंदलं जातं, साहेब. तुम्हाला माहीतच आहे." तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. तिने पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "मोजा."

"बाई, आत्ता ही वेळ आहे का?"

"तुमचा बिल्ला माझ्या हातात होता आणि तुम्ही खाली होता. मोजा."

त्याने दहा जणांकडे पाहिलं. कोणीच नजर फिरवली नाही. त्याची बोटं बिल्ल्यांवरून फिरली, आपल्या नंबरावर थांबली.

"त्या दिवशी..." तो म्हणाला. "त्या दिवशी बिल्ले दहा होते. माणसं नऊ. फिटरला मीच खाली पाठवलं होतं. त्याचा बिल्ला टांगायच्या फळीवरून मी काढला. तो मागे फिरला नव्हता. बॅग नव्हतीच."

तिने डोळे मिटले, उघडले. "आणि दाराशी मी होते," ती माईकमध्ये म्हणाली. "मी डोकी मोजली नाहीत. हेही नोंदलं जाऊ दे."

"पोरी, नोकरी जाईल तुझी," कॅप्टन हळूच म्हणाला.

"जाऊ दे. आई दारात बसेल."

मग कॅप्टनने परतीचा ठरलेला प्रश्न विचारला.

तिने हात पुढे करून साहेबाच्या ओल्या डोक्यावर तळवा टेकवला. हा आशीर्वाद नव्हे, हे त्याला कळलं. त्याने मान खाली घातली.

"अकरा," ती म्हणाली. "सगळे आले."